बिनशिक्क्याची गाणी



माझ्या वयाच्या माणसांना 'सोव्हिएत देश' हे नियतकालिक चांगले आठवत असेल. त्याचा कागद गुळगुळीत, छायाचित्रे रंगीत आणि वर्गणी इतकी अल्प की, पुष्कळ घरांत ते वाचण्यापेक्षा मुलांच्या वह्यापुस्तकांना कव्हरे घालण्यासाठीच घेतले जाई. मी शिक्षकी पेशात पाऊल ठेवले तेव्हा माझ्या वर्गातील कितीतरी पुस्तकांवर धरणे, गव्हाची शेते, अंतराळवीर आणि गळ्यात लाल रुमाल बांधलेली हसरी मुले विराजमान झालेली असत. त्यांतही मुलांच्या हौशी मंडळांची छायाचित्रे मी विशेष न्याहाळीत असे. शाळा सुटल्यावर मुले एखाद्या सरकारी भवनात जातात, तेथे कोणी विमानाची प्रतिकृती बनवितो, कोणी रेडिओ जुळवितो, आणि हे सारे शिकविणाऱ्या गुरुजींना त्याबद्दल पगार मिळतो, हे पाहून आमच्यासारख्या गळक्या छपराखालच्या मास्तरांना हेवा वाटल्यावाचून राहत नसे.

ज्या काळात मी ही छायाचित्रे पाहत होतो, त्याच काळात, म्हणजे १९८१ च्या सुमारास, तशाच एका भवनात जे चालले होते ते मात्र त्या नियतकालिकात कधी आले नाही, येणे शक्यही नव्हते. लेनिनग्राद शहराच्या ओख्ता भागात 'तरुण तंत्रज्ञांचे भवन' या नावाची एक संस्था होती. तेथे आंद्रेइ त्रोपिल्लो नावाचा तरुण मुलांना ध्वनिमुद्रण शिकवीत असे. मुलांचा वर्ग नसे तेव्हा त्याच खोलीत, त्याच यंत्रांपुढे असे गायक-वादक येऊन बसत की, ज्यांची कलावंत म्हणून सरकारदरबारी कोठेही नोंद नव्हती. आणि ज्या गाण्यांवर कोणत्याही अधिकाऱ्याचा शिक्का उमटलेला नव्हता ती गाणी ते फितीवर उतरवून घेत. रशियन भाषेतील भूमिगत रॉक संगीताचा जो इतिहास मी आज सांगणार आहे, त्यातील उत्तम मुद्रणांपैकी कितीतरी मुलांच्या त्या वर्गात झालेली आहेत.

'भूमिगत' म्हटले की आपल्याकडे सन बेचाळीस आठवते. वेषांतर, रात्रीचा प्रवास, पोलिसांना हुलकावणी. येथे तसे काही योजू नये. हे भूमिगत सरकारच्याच छपराखाली, सरकारच्याच विजेवर आणि पुष्कळदा सरकारच्याच पगारावर चालले होते. सरकारला ते ठाऊक नव्हते असेही नाही. हा प्रकार कसा निर्माण झाला, कसा टिकला आणि पुढे त्याचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभीच एक कबुली देऊन ठेवतो. या संगीताची गोडी मला अभावितपणे लागली. माझे कान नाट्यपदांवर आणि भजनावर पोसलेले. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ही गाणी प्रथम ऐकविली तेव्हा हा माणूस गातो आहे की हजेरी घेतो आहे, अशी शंका मला आली होती. पुढे त्या विद्यार्थ्यानेच शब्दांचा अर्थ समजावून दिला आणि मग इतिहास वाचण्याची इच्छा झाली.

या कथेचा आरंभ हाडांपासून होतो. दुसरे महायुद्ध संपल्यावर सोव्हिएत दुकानांत परदेशी जाझ किंवा देश सोडून गेलेल्या रशियन गायकांच्या तबकड्या मिळत नसत. लेनिनग्रादच्या नेव्हस्की या हमरस्त्यावर त्या वेळी एक दुकान होते. तेथे जर्मन बनावटीच्या टेलेफुंकन यंत्रावर कोणाही गिऱ्हाइकाचा आवाज मुद्रित करून त्याला ध्वनिपत्राच्या रूपाने देत. दुकानाची वेळ संपल्यावर त्याच यंत्रावर दुसरेही काही उतरविले जाई. रुस्लान बोगोस्लोव्हस्की नावाच्या तरुणाने ते यंत्र बारकाईने पाहिले, त्याची मोजमापे मनात साठविली आणि घरी तसेच दुसरे यंत्र तयार केले. परंतु तबकड्यांसाठी लागणारा पदार्थ आणावयाचा कोठून? तो इस्पितळांतून मिळाला. रोग्यांच्या क्ष-किरण चित्रांच्या जुन्या फिल्मा टाकून द्यावयाच्या असत; त्या कात्रीने गोल कापावयाच्या, मध्यभागी भोक पाडावयाचे आणि एका बाजूस सुईने चर कोरावयाचे. ही तबकडी उजेडासमोर धरली की कोणाच्या तरी फासळ्या किंवा कवटी दिसे. म्हणून लोक तिला 'हाडांवरचे संगीत' म्हणत. ती अस्तनीत लपवून गल्लीबोळांत विकली जाई. आवाजात खरखर पुष्कळ, आयुष्य थोडे. बोगोस्लोव्हस्की आणि त्याचा कवी सोबती बोरिस तायगिन यांनी आपल्या या उद्योगास 'सोनेरी कुत्रा' असे नाव ठेवले होते, कारण 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा कुत्रा त्यांच्याही परिचयाचा होता. १९५० साली दोघेही पकडले गेले आणि कारावासात गेले. १९५३ साली स्टालिनच्या मृत्यूनंतर सुटून आल्यावर त्यांनी पुन्हा तोच उद्योग मांडला.

हाडांची जागा पुढे फितीने घेतली. १९६० नंतर सोव्हिएत कारखान्यांतून घरगुती ध्वनिमुद्रण-यंत्रे मोठ्या प्रमाणावर निघू लागली आणि सामान्य माणसास ती विकत मिळू लागली. येथे सरकारचे धोरण फार चमत्कारिक होते. छापण्याचे यंत्र किंवा नकला काढण्याचे यंत्र कुलपात असे, त्यावर देखरेख असे. परंतु शेकडो लोकांपर्यंत आवाज नेणारे हे यंत्र मात्र दुकानात मांडलेले होते! बुलात ओकुजाव्हा, व्लादिमीर व्हिसोत्स्की, अलेक्सांद्र गालिच यांची गिटारीवरची गाणी एका फितीवरून दुसऱ्या फितीवर, एका गावाहून दुसऱ्या गावाला अशीच गेली. गालिचला १९७१ साली लेखकसंघातून काढण्यात आले आणि १९७४ साली त्यास देश सोडावा लागला. व्हिसोत्स्की १९८० च्या जुलैमध्ये वारला, तेव्हा मॉस्कोत ऑलिंपिक सामने चालू होते आणि वृत्तपत्रांनी ती वार्ता जवळजवळ दाबून टाकली. तरीही त्याच्या नाट्यगृहासमोर हजारो लोक लोटले. एक फीत दुसरीस जन्म देते, हे तंत्र रॉकवाल्यांच्या हाती असे आयतेच आले.

रॉक संगीत त्या देशात आले ते विलायतेतील बीटल्सच्या पाठोपाठ, आणि पुष्कळसे आपल्या या नभोवाणीच्याच मार्गाने आले. परदेशी केंद्रांच्या लहरींवर सोव्हिएत सरकार घरघर सोडून त्या बुजवून टाकी. तरी ऐकणारे ऐकतच. १९७७ पासून बी. बी. सी. च्या रशियन विभागातून सेवा नोव्हगोरोदत्सेव्ह हा मूळचा लेनिनग्रादकडचा सॅक्सोफोनवादक दर आठवड्यास रॉक संगीताचा परिचय करून देई. लंडनला बसून खुसखुशीत रशियन बोलणाऱ्या त्या माणसाचा आवाज घरघरीतून वेचून काढण्यासाठी कान लावून बसलेली मुले त्या देशाच्या कानाकोपऱ्यांत होती. आजच्या श्रोत्यांना, ज्यांना माझे बोलणे कंटाळवाणे वाटले तर बटण फिरविण्याची पूर्ण मुभा आहे, त्या ऐकण्याची किंमत कदाचित कळणार नाही.

प्रथम प्रथम तेथील मुले इंग्रजी गाण्यांची नक्कलच करीत, शब्द कळोत वा न कळोत. १९६९ साली मॉस्कोत आंद्रेइ माकारेविचने 'मशीना व्रेमेनी', म्हणजे 'कालयंत्र', हा संच काढला आणि रॉकच्या तालावर रशियनमध्ये विचारपूर्ण गाणे म्हणता येते हे दाखवून दिले. १९७२ साली लेनिनग्रादेत बोरिस ग्रेबेन्शिकोव्ह आणि त्याचा मित्र यांनी 'आक्वारियुम' स्थापन केला. ग्रेबेन्शिकोव्ह विद्यापीठात गणित शिकलेला.

आता त्या शिक्क्याविषयी सांगितले पाहिजे, कारण सारे नाटक त्याच्याभोवती आहे. सार्वजनिक ठिकाणी गावयाचे प्रत्येक गीत आधी लिहून कार्यालयात सादर करावे लागे. तेथील अधिकारी ते वाचून शिक्का मारी, आणि कार्यक्रमात शिक्क्याच्या यादीबाहेर एक ओळही म्हणावयाची मुभा नसे. व्यावसायिक संचांस बहुतांश गाणी सरकारमान्य संगीतकार-संघाच्या सभासदांचीच म्हणावी लागत. तबकड्या काढणारी संस्था साऱ्या देशात एकच. १९६४ साली स्थापन झालेली 'मेलोदिया'. अशा स्थितीत विशीतल्या एखाद्या पोराने पाऊस, रिकामे खिसे, शेवटची आगगाडी चुकणे किंवा मैत्रिणीची वाट पाहणे यांवर गाणे रचले, तर त्यात राजकारण ते काय असणार? परंतु ते गाणे त्याने शिक्क्यावाचून म्हटले की तो कायदेभंग झाला. म्हणजे या गाण्यांना राजकीय अर्थ कवीने दिला नाही, कारकुनाने दिला! पुष्कळ लेखक या गायकांना क्रांतिकारक ठरवितात. मला ते मान्य नाही. त्यांतील बहुतेकांना सरकार उलथावयाचे नव्हते. त्यांना सरकारला विचारावयाचे नव्हते, इतकेच.

१९८० च्या मार्चमध्ये जॉर्जियाची राजधानी त्बिलिसी येथे सरकारनेच रॉक संगीताचा एक महोत्सव भरविला. 'कालयंत्रा'स पहिल्या बक्षिसाचा मान मिळाला. 'आक्वारियुम'ने मात्र व्यासपीठावर असा काही धुडगूस घातला, ग्रेबेन्शिकोव्ह गिटार घेऊन भुईवरच आडवा झाला, की परीक्षक मंडळी उठून निघून गेली. तो लेनिनग्रादला परत येतो तो नोकरी गेलेली आणि तरुण कम्युनिस्टांच्या संघटनेतून नाव कमी झालेले. त्या देशात नोकरी जाणे ही साधी गोष्ट नव्हती. १९६१ पासून तेथे 'परोपजीवी' माणसांविरुद्ध कायदा होता. ज्यास नोकरी नाही तो समाजाच्या जिवावर जगतो असे ठरून त्यास हद्दपार करता येई. पुढे नोबेल पारितोषिक मिळविलेला कवी योसिफ ब्रोद्स्की १९६४ साली याच कायद्याखाली दूर उत्तरेकडे धाडला गेला होता.

यावर गायकांनी काढलेली तोड मोठी मार्मिक आहे. कोणी नको म्हणतात त्या नोकऱ्या त्यांनी धरल्या. रात्रीचा पहारेकरी, रस्ता झाडणारा, आणि विशेषतः घरे गरम ठेवण्यासाठी जे बॉयलर असत त्यांत कोळसा टाकणारा. पाळी एक दिवस, मग दोनतीन दिवस मोकळे. पगार थोडा, पण वरिष्ठ कोणी डोकावणार नाही. आणि दफ्तरात 'कामगार' अशी चोख नोंद. कामगारांच्या राज्यात कामगाराला परोपजीवी कोण म्हणणार? गणिती, कवी, चित्रकार अशी एक पिढीच्या पिढी लेनिनग्रादच्या तळघरांत फावडे हाती घेऊन बसली. बाहेर हिम आणि आत ऊब. तेथे मित्र जमत, वाचन होई, गाणी होत. ब्लोखिन रस्त्यावरील अशाच एका बॉयलर-खोलीचे नाव 'कामचात्का' पडले होते. तेथे १९८६ ते १९८८ या काळात व्हिक्तोर त्सोई कोळसा टाकीत असे. त्यास आपण लवकरच भेटू.

जाहीर कार्यक्रम बंद, म्हणून घरगुती मैफली होत. आपल्याकडील खासगी बैठकीसारखाच हा प्रकार. दोन खोल्यांचे बिऱ्हाड, जमिनीवर दाटीवाटीने बसलेली तीसचाळीस माणसे, एक गिटार, आणि शेवटी टोपी फिरवून जमविलेली नाणी. या टोपीतही धोका होता, कारण गाण्याबद्दल पैसे घेणे म्हणजे बेकायदा धंदा. मॉस्कोतील 'वोस्क्रेसेनिये' या संचाचा गायक अलेक्सेइ रोमानोव्ह १९८३ साली याच आरोपावरून पकडला गेला आणि कित्येक महिने तुरुंगात राहिला.

लेनिनग्रादच्या अधिकाऱ्यांनी मात्र अधिक धोरणी मार्ग पत्करला. ७ मार्च १९८१ रोजी रुबिन्श्टाइन रस्त्यावरील १३ क्रमांकाच्या इमारतीत, हौशी कलांच्या भवनात, 'रॉक क्लब' उघडण्यात आला. त्यामागे गुप्त पोलिसांचा हात होता, हे पुढे त्या खात्यातील बड्या अधिकाऱ्याने स्वतःच सांगितले. साऱ्या शहरात विखुरलेली पोरे एका छपराखाली आली तर नजर ठेवणे सोपे, हा त्यातील हिशेब. क्लबात गावयाचे तर शिक्का हवाच. पैसे मिळणार नाहीत. श्रोत्यांनी खुर्चीवर बसून ऐकावयाचे, उठून नाचावयाचे नाही. एवढी बंधने पत्करून संच तेथे गेले, कारण व्यासपीठ मिळत होते आणि समव्यवसायी भेटत होते. ज्यांच्यावर नजर ठेवावयाची त्यांना एकत्र आणले, त्यामुळे ते एकमेकांची गाणी ऐकू लागले, वाद्ये देऊ-घेऊ लागले, एकमेकांच्या मुद्रणांत वाजवू लागले. नजर ठेवण्याच्या सोयीतून एक बिरादरी तयार झाली.

परंतु क्लबातील कार्यक्रम ऐकणार किती? एक लहानसे सभागृह भरेल तेवढे. गाणे दूर जावयाचे तर फीतच हवी, आणि ती ऐकण्याजोगी हवी. त्रोपिल्लोचे महत्त्व येथे आहे. तो केवळ मुद्रणकार नव्हता. वापरातून गेलेली यंत्रे मिळविणे, 'मेलोदिया'तील ओळखीने एखादे चांगले साधन हाताशी आणणे, भवनाच्या चालकांपुढे मुलांच्या शिक्षणाचे कागद नीट ठेवणे, हे सारे त्याने केले. १९८१ च्या आरंभी 'आक्वारियुम'चा 'निळा संग्रह' तेथे पुरा झाला. आंद्रेइ उसोव्ह या छायाचित्रकाराने त्यासाठी मुखचित्र तयार केले. त्याच्या प्रती फोटोच्या कागदावर काढून फितीच्या खोक्यांवर हाताने चिकटविल्या. हा तपशील किरकोळ वाटेल, पण त्याने फार मोठा फरक पडला. आतापर्यंत फितीवर सुटी गाणी असत; कोणाची, कोणत्या क्रमाने, याचा पत्ता नसे. आता ग्रंथासारखी नाव, मुखपृष्ठ आणि अनुक्रम असलेली वस्तू तयार झाली. मूळ फितीवरून काही प्रती काढून मित्रांना द्यावयाच्या. त्यांनी त्यांच्या मित्रांना. काही महिन्यांत सैबेरियाच्या पलीकडच्या टोकाला तोच संग्रह वाजत असे. कर्त्यास एक कोपेकही मिळत नसे, आणि प्रती किती झाल्या ते कोणासच ठाऊक नसे.

माझ्यासारख्या मास्तरास राहून राहून वाटते ते त्या वर्गातील मुलांविषयी. नियमाप्रमाणे ती तेथे ध्वनिमुद्रण शिकावयास येत, आणि शिकविणाऱ्याचे खरे काम त्यांच्या अभ्यासक्रमाच्या आडोशाने चाले. याला शिस्तभंग म्हणावा की कर्तव्य? शाळा-तपासनीसाच्या भीतीने जन्मभर टाचणवह्या पुऱ्या करीत बसलेल्या मला त्याचे उत्तर देण्याचा अधिकार नाही.

१९८२ साली याच खोलीत विशीच्या उंबरठ्यावरचा एक तरुण आपला पहिला संग्रह मुद्रित करावयास आला. तो व्हिक्तोर त्सोई. बापाकडून कोरियन वंशाचा, आई रशियन. चित्रशाळेतून काढून टाकलेला आणि मग लाकडावरचे कोरीव काम शिकलेला. त्याच्या संचाचे नाव 'किनो', म्हणजे सिनेमा. ढोलवादक नव्हता, म्हणून तालासाठी यंत्र वापरले. 'आक्वारियुम'ची मंडळी वाजवावयास आली. संग्रहाचे नाव 'पंचेचाळीस', कारण तो तितकी मिनिटे चालेल असा त्यांचा अंदाज होता. येथपासून पुढे 'न्यू वेव्ह', म्हणजे 'नवी लाट', म्हणून ज्या शैलीचा उल्लेख होतो ती रशियन भाषेत रुजली असे म्हणावयास हरकत नाही. विलायतेत १९७६ नंतर तरुणांनी रॉकमधील लांबलचक वादन टाकून दिले आणि आखूड, कोरडी, ठोक्याची गाणी पुढे आणली. विजेवरची स्वरवाद्ये, सपाट आवाज, चेहऱ्यावर भाव नाही. ही शैली लेनिनग्रादला फार मानवली. एक तर तिला महागडी वाद्ये व वर्षानुवर्षांचा रियाज लागत नव्हता. दुसरे असे की, ज्या देशात सभा, संचलने व गाणी यांतून उत्साह ओतप्रोत वाहत होता, तेथे उत्साह न दाखविणे हेच एक वेगळे बोलणे होते. त्सोई छाती पुढे काढून गात नाही; कोणी शेजारी उभे राहून हकिगत सांगावी तसा गातो. प्रथम मला हजेरी घेतल्यासारखे वाटले ते यामुळेच. मॉस्कोत वासिली शुमोव्हचा 'त्सेन्त्र', लेनिनग्रादेत 'स्त्रान्निये इग्री' हे याच लाटेतले संच.

१९८३ च्या जूनमध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीपुढे भाषण करताना चेर्नेन्को यांनी संशयास्पद गाणी गाणाऱ्या संचांचा समाचार घेतला आणि वरून आलेला शब्द खाली जाता जाता वादळ झाला. निषिद्ध संचांच्या याद्या निघाल्या, नृत्यगृहे तपासली गेली. १९८५ च्या जानेवारीत युक्रेनमधील निकोलायेव्ह येथील तरुण कम्युनिस्टांच्या कार्यालयाने काढलेली परदेशी गायकांची एक यादी पुढे प्रसिद्ध झाली आहे. तीत प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा अपराध लिहिला आहे. 'पिंक फ्लॉइड'ने सोव्हिएत परराष्ट्रधोरणाचा विपर्यास केला. 'व्हिलेज पीपल' हिंसाचारी. आणि प्रेमगीते आळविणारा स्पेनचा हुलियो इग्लेसियास चक्क नवफॅसिस्ट! यादी करणाऱ्या कारकुनाने यांतील कितीजणांना ऐकले असेल, देव जाणे.

राजधान्यांत निदान परदेशी वार्ताहर होते. दूरच्या गावी रक्षण करणारे कोणी नव्हते. उफा शहरी युरी शेव्हचुक हा एके काळचा चित्रकला-शिक्षक, त्याच्या 'डी. डी. टी.' या संचाने १९८४ साली खेड्यापाड्यांच्या विपन्नावस्थेवर एक संग्रह काढला, तेव्हा गुप्त पोलिसांची बोलावणी सुरू झाली आणि त्यास गाव सोडावे लागले. सैबेरियातील ओम्स्क येथे येगोर लेतोव्ह आपल्या घरातच मुद्रण करी. त्यास १९८५ च्या डिसेंबरपासून पुढील मार्चपर्यंत वेड्यांच्या इस्पितळात कोंडण्यात आले. तो वेडा नव्हता. या प्रकरणात विनोदास जागा नाही, आणि ज्यांना ते भूमिगत जीवन आज रम्य वाटते त्यांनी या तीन महिन्यांचा विचार अवश्य करावा.

१९८५ च्या मार्चमध्ये गोर्बाचेव्ह सत्तेवर आले. बदल मात्र एकदम झाला नाही. १९८६ च्या वसंतात लेनिनग्राद क्लबच्या उत्सवात 'तेलेविजोर' या संचाने शिक्का न घेतलेली गाणी उघडपणे म्हटली, तेव्हा त्यांच्यावर बंदी आलीच. पण त्याच वर्षी दोन घटना अशा घडल्या की बांध फुटला. चेर्नोबिलच्या अणुकेंद्रातील अपघातानंतर ३० मे रोजी मॉस्कोत पीडितांच्या साहाय्यार्थ जलसा झाला आणि त्यात सरकारमान्य गायिका अल्ला पुगाचोवा हिच्या बरोबरीने रॉक संच उभे राहिले. आणि जूनअखेर अमेरिकेत 'रेड वेव्ह' या नावाचा दोन तबकड्यांचा संच प्रसिद्ध झाला. जोआना स्टिंग्रे या कॅलिफोर्नियाच्या तरुणीने लेनिनग्रादच्या चार संचांच्या फिती लपवून बाहेर नेल्या होत्या. चार संच, चार बाजू: 'आक्वारियुम', 'किनो', 'आलिसा' आणि 'स्त्रान्निये इग्री'. आपल्या देशात ज्यांची तबकडी नाही त्यांची ती अमेरिकेत विकली जाते, ही गोष्ट सरकारला झोंबली. लवकरच 'मेलोदिया'ने 'आक्वारियुम'ची तबकडी काढली. ती त्रोपिल्लोच्या मुद्रणांवरूनच घेतलेली होती. मुलांच्या वर्गातील त्या चोरट्या कामावर शेवटी सरकारी शिक्का उमटला! पुढे तर त्रोपिल्लोच 'मेलोदिया'च्या लेनिनग्राद शाखेचा प्रमुख झाला.

१९८८ च्या उन्हाळ्यात क्लबचा उत्सव अग्निशामक नियमांचे निमित्त काढून अडविण्यात आला, तेव्हा 'तेलेविजोर'च्या गायकाच्या मागोमाग श्रोते थेट पक्षकचेरीच्या दिशेने चालू लागले, आणि परवानगी मिळाली. याच सुमारास सेर्गेइ सोलोव्योव्ह यांचा 'आस्सा' हा चित्रपट पडद्यावर आला. त्याचा शेवट पाहण्यासारखा आहे. त्सोई एका उपाहारगृहात गायकाची नोकरी मागावयास येतो. कचेरीतील बाई त्यास नियमावली वाचून दाखवू लागते. कलम अमुक, पोटकलम तमुक. तिचे वाचन संपण्यापूर्वीच तो उठतो, व्यासपीठाकडे चालू लागतो आणि 'बदल' या आशयाचे आपले गाणे सुरू करतो. उपाहारगृहाच्या जागी अफाट जनसमुदाय दिसू लागतो. साऱ्या देशाने ते गाणे राजकीय घोषणा म्हणून उचलले. त्सोईच्या सोबत्यांनी पुढे पुष्कळदा सांगितले की, त्याच्या मनात तसे काही नव्हते, तो माणसाच्या आतल्या बदलाविषयी बोलत होता. मला ते खरे वाटते. आणि तरीही लोक चुकले असे म्हणवत नाही. ज्या देशात प्रत्येक गाण्यापूर्वी नियमावली वाचली जात होती, तेथे ती ऐकून न घेणे हेच मुख्य होते.

२४ जून १९९० रोजी मॉस्कोच्या लुझ्निकी क्रीडांगणावर 'किनो'चा शेवटचा मोठा कार्यक्रम झाला. १५ ऑगस्ट रोजी लॅटव्हियातील एका रस्त्यावर त्सोईची मोटार समोरून येणाऱ्या बसवर आदळली. त्याला अठ्ठावीस वर्षे पूर्ण होऊन दोन महिनेही झाले नव्हते. पुढच्या वर्षाच्या अखेरीस तो देशच नकाशावरून गेला. बॉयलर-खोल्यांतील मंडळींना आता जाहीरपणे गाता येत होते, तबकड्या काढता येत होत्या. फक्त तिकिटे घेणाऱ्याचा खिसा रिकामा झाला होता आणि स्वस्त भाड्याची बिऱ्हाडे, बिनकामाच्या नोकऱ्या, भरपूर मोकळा वेळ, हे सारे जुन्या राज्याबरोबर गेले होते. काही संच मोडले, काही माणसे दारूने नेली, काही मोठी झाली. 'कामचात्का'चे पुढे स्मारक झाले. लेनिनग्राद पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले.

शिक्क्याचे काय झाले, असे आपण विचाराल. कार्यालय गेले, पद्धत अगदी गेली असे दिसत नाही. २०२२ च्या मे महिन्यात शेव्हचुकने उफा येथील कार्यक्रमात युक्रेनमधील युद्धाविरुद्ध चार शब्द काढले, त्याबद्दल त्यास पन्नास हजार रूबल दंड झाला. ग्रेबेन्शिकोव्हला २०२३ साली रशियन सरकारने 'परकीय हस्तक' ठरविले. तो तेव्हा परदेशी होता.

बेलारूसची राजधानी मिन्स्क येथील एक प्रसंग सांगून मी आपली रजा घेतो. तेथेही रशियन बोलली जाते आणि त्सोईची गाणी तोंडपाठ आहेत. ६ ऑगस्ट २०२० रोजी, अध्यक्षाच्या निवडणुकीच्या तोंडावर, विरोधी पक्षाला सभेसाठी जागा मिळू नये म्हणून अधिकाऱ्यांनी चौकात एक सरकारी कार्यक्रम योजला होता. ध्वनिक्षेपक सांभाळणारे दोन तरुण सरकारनेच नेमलेले. त्यांनी ठरलेली गाणी बाजूस ठेवून 'आस्सा'च्या शेवटचे ते गाणे लावले आणि हात उंचावून उभे राहिले. अधिकारी धावून आले, आवाज बंद करण्यात आला. दोघांनाही दहा दिवसांची कैद झाली. आणखी नऊ दिवसांनी त्सोईच्या मृत्यूस तीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती.